पुस्तकाबरहुकूम बेकरी

अंबरनाथ (पूर्व)
१० ऑगस्ट १९९१

प्रिय आत्या,

पार्सलात पुस्तक आहे. इंग्रजी आहे, जाड आहे आणि त्यात बिस्किटांच्या कृती नाहीत, म्हणून लगेच नाक मुरडू नकोस. मुंबईत धंदा वाढवण्यावर दोन दिवसांचं शिबिर होतं. वृंदा म्हणाली, जाऊन या, इथं अण्णा आहेतच. मी गेलो आणि खरं सांगतो, हादरून परत आलो. केमिकल कंपनीतली ऑफिसरची नोकरी सोडून मी अण्णांच्या हाताखाली बेकरीत आलो, तेव्हापासून आपण काय काय चुकीचं करतोय ते या पुस्तकात पानापानावर लिहिलंय. तो अमेरिकेतला प्रोफेसर आपल्या भट्टीमागे उभा राहून बघून गेला की काय, असं वाटतं.

मुख्य मुद्दा असा, की सगळ्यांना खूश ठेवणारा धंदा कधी वाढत नाही. कोणता कस्टमर आपल्याला मोठं करेल ते ठरवायचं, त्याच्यावर फोकस ठेवायचा आणि बाकीचे सोडायचे. आता आपल्याकडे बघ. लादीपाव, ब्रून, खारी, टोस्ट, बटर, नानकटाई, सगळं थोडं थोडं. त्यात दिवाळीच्या आधीचा आठवडाभर बायका घरून मैदा, तूप, साखर घेऊन येतात आणि नानकटाई भाजून घ्यायला भट्टी अडवून बसतात. भाजणावळ म्हणून हातात काय पडतं? अण्णांनी इतकी वर्षं हा प्रकार चालू ठेवला, कारण त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही.

मला म्हणता येतं. इंडस्ट्रियल एरियातल्या एका मोठ्या कंपनीच्या कँटीनची ऑर्डर मी मिळवली आहे, तिन्ही पाळ्यांचा स्लाइस ब्रेड. म्हणून या दिवाळीपासून घरगुती भाजणं बंद. पाटीही बदलतोय. ‘तुळशी बेकरी’ म्हटलं की कँटीनच्या मॅनेजरला वाटतं गल्लीतलं दुकान आहे. आता ‘श्रीज् फूड प्रॉडक्ट्स’. आईचं नाव काय, मनात आहेच.

अण्णांना सगळं समजावून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, म्हणजे पटलं असावं.

तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस. पूर्ण वाच आणि निकाल दे, अशी पुस्तकं खरंच कामाची असतात की नुसतीच विकायला लिहिलेली. तुझ्या शब्दाला अण्णा मान देतात.

तुझा,
श्रीपाद


मिरज
२२ ऑगस्ट १९९१

श्रीपाद,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी बोलून घेते.

तुझं पत्र वाचून मी पाटावरच बसून राहिले, आमटी उतू गेली तरी उठले नाही. तुळशीवहिनीच्या नावाची पाटी तू उतरवलीस? अरे, ती गेली त्या वर्षी अण्णाने दुकानाला तिचं नाव दिलं. बायकोचं नाव पाटीवर घालायला लाजत होता, रंगाऱ्याला अक्षरं बारीक काढ म्हणाला होता. ती पाटी तू कुणा कँटीनच्या मॅनेजरला गल्लीतली वाटते म्हणून काढलीस. हद्द झाली.

आणि दिवाळीचं भाजणं. तू तेव्हा शाळेत होतास, परीक्षा म्हणून तुला घरात कोंडलेलं असायचं, त्यामुळे तुला त्यातलं काही ठाऊक नाही. मी दर दिवाळीला यायची ती निम्मी त्यासाठीच. अंबरनाथ पूर्वेच्या बायका यायच्या, पालेगावच्या यायच्या, डोक्यावर पत्र्याचे डबे. आपल्या ट्रेमधली नानकटाई दुसरीच्या ट्रेशी मिसळू नये म्हणून एक चारोळी लावायची, एक वेलची, गयाबाई तर नखाने चंद्रकोर काढायची. अण्णा भट्टीच्या तोंडाशी उभा आणि वहिनी बाकावर, कुणाची सून कशी, कुणाचं बाळंतपण कधी, सगळं तिथं. त्याच बायका वर्षभर पाव कुठून न्यायच्या ते विचार जरा तुझ्या प्रोफेसरला.

पुस्तकाची अकरा पानं वाचली. इंग्रजी चांगलं आहे. एवढंच सध्या म्हणते. एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगतो आणि दर वेळी नवीन सांगितल्यासारखा चेहरा करतो, असे दोन मास्तर आमच्याही शाळेत होते.

अण्णा गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, हे तुला कुणी सांगितलं? चाळीस कामगारांशी बोलायचास ना कंपनीत? बापाशी बोल नीट.

वृंदाला आणि तुला आशीर्वाद. तिने तुला शिबिराला धाडलं म्हणून तिच्यावरही रागच आहे, पण थोडा.

कुमुदआत्या


अंबरनाथ (पूर्व)
१२ नोव्हेंबर १९९१

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तुला राग येणार असं काही लिहायचं होतं आणि मी टाळत होतो.

दिवाळीत बोर्ड लावला, घरगुती भाजणं बंद. तरीही बायका आल्या. वाचता येत असून वाचत नाहीत. बहुतेक परत गेल्या, दोघीतिघींनी कटकट केली. तुझी गयाबाई मात्र पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, मावशी, भट्टीत कँटीनचा माल आहे. ती म्हणाली, मग दिनानाथभाऊंना बोलवा. अण्णा आतच होते. ते बाहेर आले, तिच्या हातातला डबा घेतला, तिला घेऊन जवळच्या सिंधी वस्तीत, कँप नंबर चारमध्ये, लछमनदासच्या बेकरीत गेले आणि तिथं भाजून आणून दिला. आपल्याच मालकाने कस्टमरला दुसऱ्याच्या दुकानात नेऊन सोडायचं.

त्यावर आमचं बोलणं झालं. मी एवढंच म्हटलं, की लछमनदास हा आपला काँपिटिटर आहे. इतकी वर्षं त्याची भट्टी बंद पडली की त्याचा माल आपल्याकडे भाजला जातो, आपला मिक्सर बिघडला की कणीक त्याच्याकडे मळली जाते, हे असं जगात कुठे चालत नाही. यापुढे आपली भट्टी त्याला मिळणार नाही, हे मी त्याला स्वतः जाऊन सांगून आलो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग माझं इथं काय काम?’

पुस्तकात एक चॅप्टर आहे, ज्याने धंदा उभा केला त्याने योग्य वेळी बाजूला व्हावं, नाहीतर तोच अडसर होतो. मी त्यांना तो चॅप्टर मराठीत सांगितला. वाईट बोललो नाही, अगदी शांतपणे सांगितला.

परवा ते बदलापूरला गेले. सोनिवलीला त्यांचे जुने दोस्त भीमराव राहतात, कंपनीतून रिटायर झालेले. हवापालट म्हणून जातो म्हणाले. वृंदा रडली, पण तसं रडण्यासारखं काही नाही, इथून पुढचंच स्टेशन. आपला जुना कारागीर जयदेव पण त्याच आठवड्यात गावाला जातो म्हणून काम सोडून गेला. बरंच झालं, मला ब्रेडचा ट्रेन्ड माणूस हवाच होता.

पुस्तक पुढे वाचलंस का?

श्रीपाद


मिरज
२ डिसेंबर १९९१

श्रीपाद,

बापाला पुस्तकातला धडा वाचून दाखवून तू घराबाहेर काढलंस. तू शांतपणे काढलंस, आवाज चढवला नाहीस, हे वाचून मला जास्तच कसंतरी झालं. दोन दिवस मला तुझं पत्र पुन्हा हातात घेववेना.

तिसऱ्या दिवशी मी रागाने पुस्तक उघडलं. तुला दाखवून द्यायचं होतं, की हे सगळं थोतांड आहे. पेन्सिल घेऊन बसले, चुका काढायला. आणि आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, पण निकाल मागितला आहेस म्हणून सांगते. पुस्तकात अर्थ आहे. मधली शंभर पानं तर मी दोनदा वाचली. माणूस पाल्हाळ लावतो, पण मूर्ख नाही. मोठा दुकानदार काय काय टाकून देतो ते बघा, म्हणतो, त्यातच लहानाचं घर असतं. जिथं यायला मोठ्याला कमीपणा वाटतो तिथून सुरुवात करा, आणि त्याला तुमची दखल घ्यावीशी वाटेपर्यंत गाजावाजा करू नका. वाचून मी चकित झाले. हे तर मला कुणी आधी सांगितलं असतं तर शिकवण्यांचे क्लास मीच काढले असते.

तू उलटं वाचलंयस, बाबा. टाका म्हणतो तेवढं तू वाचलंस. टाकलेलं कोण उचलतं, ते पुढच्या भागात आहे.

अण्णाचं पत्र आलं होतं. ‘त्या पुस्तकात असं आहे तरी काय, की माझ्या पोराला मी नको झालो,’ असं विचारत होता. मी त्याला मराठीतून लिहून पाठवते आहे, थोडं थोडं, बेकरीची उदाहरणं घालून. त्याला समजतंय.

वृंदाला म्हणावं, अधूनमधून सोनिवलीला जात जा.

कुमुदआत्या


अंबरनाथ (पूर्व)
८ ऑक्टोबर १९९२

प्रिय आत्या,

अण्णा पुस्तक समजून घेतायत हे तू कळवलंस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्यानंतर लिहीन लिहीन म्हणताना वर्ष होत आलं. आता लिहितोय ते वांदा झालाय म्हणून.

कुणीतरी मला खातंय, आत्या. नवीन बेकरी निघाली आहे, बदलापूरच्या बाजूला. नाव नाही, पाटी नाही. आधी बदलापुरातल्या बारक्या किराणा दुकानांत खारी आणि टोस्ट दिसायला लागले. मी लक्ष दिलं नाही, एवढ्याशा दुकानांच्या मागे कोण जाणार. मग पालेगावच्या चहाच्या टपऱ्यांवर. दुकानदाराला पाव डबा हवा असेल तर पाव डबा देतात, खपला नाही तर परत घेऊन जातात. मग एक दिवस बघतो तर आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, शाळा सुटायच्या वेळेला, गरम खारी. माझं काउंटर आता संध्याकाळी रिकामं असतं. वृंदा माशा मारत बसते, तसं म्हणायला तिला आवडत नाही, पण बसते.

खारी मी आणून खाल्ली. डिट्टो आपली. तेव्हाच माझी ट्यूब पेटली. हा जयदेव आहे. गावाला जातो म्हणाला आणि आपली सगळी कला घेऊन बदलापूरला भट्टी लावून बसला. अण्णांनी त्याला मुलासारखं शिकवलं आणि त्याने हे केलं. मी दोनदा सोनिवलीला गेलो, अण्णांना हे सांगायला. दोन्ही वेळा भीमरावकाका म्हणाले, ते बाहेर गेलेत. वृंदाला भेटतात, मला नाही. कुठे फिरतात या वयात कोण जाणे.

पुस्तकाप्रमाणे मी भाव पाडले, समोरचा टिकणार नाही म्हणून. तो टिकला, मीच दमलो. त्यात कँटीनवाले रोज नवी अट घालतात, कारण त्यांना माहीत आहे की मी दुसरे सगळे सोडून बसलोय. गेल्या महिन्यात मिक्सर जळला. लछमनदासकडे गेलो, तर म्हणाला, ‘साईं, आप ही बोलके गये थे ना, काँपिटिशन है.’ हसून बोलला, चहा पाजला, पण मिक्सर दिला नाही. दोन दिवस आम्ही हाताने कणीक मळली.

तुला निकाल विचारला होता ना? माझा निकाल ऐक. ही पुस्तकं थोतांड आहेत. वाचताना डोक्यात दिवे लागतात आणि वर्षभराने अंधार.

पण एक गोष्ट मी पुस्तकाबाहेरची केली. जयदेवच्या भट्टीला परवाना नाही, हे मी शोधून काढलं. सोनिवलीकडे कुठल्याशा शेडमध्ये आहे म्हणे. सोमवारी कचेरीत जाऊन साहेबांना भेटलो, तोंडी सगळं सांगितलं. नाव बाहेर येणार नाही म्हणाले. दिवाळीच्या आत सील करतील. मी बघायला जाणार नाही, पण बातमीची वाट बघतोय.

श्रीपाद


मिरज
१५ ऑक्टोबर १९९२

श्रीपाद,

तुझं पत्र आज सकाळीच आलं. बेकरीचा फोन तेव्हापासून लावते आहे, लागत नाही. तार करायला गेले होते, पण खिडकीतल्या माणसासमोर ते शब्द लिहायला हात धजेना, म्हणून हे पत्र लगेच टाकते आहे. मिळाल्या पावली कचेरीत जा आणि तक्रार मागे घे.

ती भट्टी अण्णाची आहे.

जयदेव त्याच्याकडे आहे, पण भट्टी अण्णाची. भीमरावांच्या शेडमध्ये कुणीतरी बंद पाडून गेलेली जुनी भट्टी होती, ती दोघांनी सारवून उभी केली. बारक्या दुकानांत जा, पाव डबा द्या, परत आलेला माल मुकाट घ्या, तुझ्या गल्लीत सर्वांत शेवटी या, हे सगळं मी त्याला लिहून पाठवलं, तुझ्याच पुस्तकातून. त्याने तुला कळवू नकोस म्हटलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटत होती. दर पंधरवड्याला अण्णाचं पत्र यायचं, जमलं म्हणून, आणि मी पुढचा धडा काढायची. माझं वय काय, मी करत काय होते. तुझं काउंटर रिकामं होतंय हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तू पत्र लिहीत नव्हतास, म्हणून मी समजत होते तुझं उत्तम चाललंय.

तू बापाच्या भट्टीला कुलूप लावायला निघाला आहेस आणि ती भट्टी मी उभी करून दिली. घाईत लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर वृंदाकडून वाचून घे.

आधी जा.

कुमुदआत्या


अंबरनाथ (पूर्व)
१८ ऑक्टोबर १९९२

आत्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. ते यायच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं.

काल सकाळी मी ब्रेडची दुसरी खेप भट्टीत टाकायच्या तयारीत होतो. बाहेर आवाज म्हणून वृंदा गेली आणि परत येऊन म्हणाली, तुम्ही बाहेर या. बाहेर बायका होत्या. पायरीवर, रस्त्यावर, पार समोरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत. प्रत्येकीकडे डबा. निम्म्या आपल्या अंबरनाथच्याच, गेल्या वर्षी परत पाठवलेल्या, आणि बाकीच्या बदलापूरच्या, मी कधी न पाहिलेल्या. मी म्हटलं, बोर्ड वाचा. गयाबाई पुढे आली. ती म्हणाली, ‘आम्ही सोनिवलीला भाजायला गेलो होतो. सरकारी माणसं आली, भट्टीला सील केलं. दिनानाथभाऊ म्हणाले, अंबरनाथला माझ्या मुलाकडे जा, तो भाजून देईल.’

मला आधी समजलंच नाही. मी मूर्खासारखं विचारलं, अण्णा तिथं काय करत होते. ‘भट्टी त्यांचीच ना,’ ती म्हणाली.

आत्या, मी मटकन खाली बसलो. खरंच बसलो, दारातल्या मैद्याच्या पोत्यावर. वर्षभर मी ज्याला शिव्या घातल्या, ज्याच्यावर भाव पाडले, ज्याला संपवायला साहेबासमोर जाऊन उभा राहिलो, ते अण्णा. आणि त्यांची भट्टी माझ्यामुळे बंद होत असताना त्यांनी गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवली. असं कोण करतं? मी इतकी पानं वाचली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, तूप पाघळतंय, देताय की नाही. वृंदा माझ्याकडे बघत होती. मी उठलो आणि ट्रेवरचा ब्रेड खाली उतरवायला सांगितला. कँटीनला फोन केला असता, पण फोन बंदच आहे, माणूस पाठवला, आज माल येणार नाही म्हणून. आज दुसरा दिवस. कँटीनची ऑर्डर गेली असं धरून चाल.

काल दुपारीच सोनिवलीला गेलो. अण्णा शेडबाहेर खाटेवर बसले होते, जयदेव भांडी घासत होता. दाराला सील. जाताना काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काही आलं नाही. मी म्हटलं, ‘अण्णा, बायका फार आहेत, मला नानकटाईची आग धरता येत नाही.’ ते उठले, चप्पल घातली आणि चालायला लागले.

तक्रार मी केली हे मला त्यांना सांगता येणार नाही. सांगितलं तर ते भट्टीपुढून निघून जातील आणि परत येणार नाहीत. तू तुझ्या तोंडून काही निसटू देऊ नकोस, एवढं कर. आजपर्यंत त्यांची एक गोष्ट माझ्यापासून लपवलीस, आता माझी एक लपव.

श्रीपाद


सोनिवली, बदलापूर
भाऊबीज, १९९२

कुमुद,

आज ओवाळून घ्यायला येता आलं नाही. अंगात त्राण नाही. आठ दिवस भट्टीपुढे उभा होतो, सवय होती म्हणून निभलं.

सील झालं त्या सकाळचं तुला श्रीपादने लिहिलं असेल. मी बायकांना त्याच्याकडे पाठवलं, तो भाजून देईल की नाही ते मला ठाऊक नव्हतं. पण डबे घेऊन बायका उभ्या होत्या आणि दुसरं काही तोंडात आलं नाही. त्याने दिलं. मी आग धरत होतो, तो ट्रे लावत होता. वृंदा बाकावर बसून डबे घेत होती. आठ दिवसांत आम्ही कामापुरतंच बोललो. रात्री मी इकडे परत येत होतो. तो रोज म्हणायचा, अण्णा, राहा. मी राहिलो नाही. अजून मला त्या घरात जाववत नाही.

तक्रार त्यानेच केली, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सील करायला आलेले साहेब चांगले होते. कागदावर सही घेताना म्हणाले, तुमचं आणि अंबरनाथच्या बेकरीचं काही भांडण आहे का. त्यातच मी समजलो. मी म्हटलं, भांडण नाही, परवाना नव्हता हे खरं आहे. त्याला यातलं काही कळवू नकोस. तो माझ्याकडे मान वर करून बघत नाही, तेवढं पुरे आहे.

पण मी हे पत्र लिहितोय ते दुसऱ्यासाठी. तो ट्रे धुवायला बाहेर गेला असताना मी दुकानात बसलो होतो. कपाटं उघडून बघितली. खारीचे डबे रिकामे. टोस्टचे रिकामे. बरण्यांत तळाला चुरा. मी उभ्याने सगळी कपाटं उघडली, एकेक डबा हलवून बघितला. मला वाटायचं, कँटीनची एवढी मोठी ऑर्डर आहे, त्याला काय कमी. काउंटर त्याला नकोच होतं, म्हणून मी उचललं, असं मी धरून होतो. आता कँटीनही गेलं. वृंदाला विचारलं, किती दिवस असं आहे. ती म्हणाली, उन्हाळ्यापासून. उन्हाळ्यात तर मी तुला पत्र लिहिलं होतं, की तुझा प्रत्येक धडा जमतोय.

तू मला पुस्तक चांगलं समजावलंस. तुझी चूक नाही. पण मी ते का केलं, हे तुला कधी लिहिलं नाही, ते आता लिहितो. त्याने मला तो धडा वाचून दाखवला आणि बाजूला व्हा म्हणाला, तेव्हा मी ठरवलं, याला पुस्तकाबरहुकूम एक बेकरी चालवून दाखवायची. अगदी जसं लिहिलंय तसं, एक अक्षर न बदलता. वर्षभरात ती बंद पडेल. मग त्याला घेऊन यायचं आणि म्हणायचं, बघ बाबा, पुस्तकाने काही होत नाही, चल आता घरी. तोही हसला असता. एवढंच मनात होतं.

ती बंद पडेना, कुमुद. मी वाट बघत होतो आणि गिऱ्हाईक वाढत होतं. प्रत्येक गोष्ट तू लिहिलीस तशी होत गेली, आणि माझ्या पोराची कपाटं रिकामी झाली. चालणार नाही अशी खात्री होती, म्हणून तर केलं होतं मी.

तुझा,
अण्णा